राजाच्या दरबारातून देवाच्या दरबारात

नाताळ जवळ आला की आमच्या या झाडीमुलखात थंडी चांगलीच उतरलेली असते. शेताशेतांतून धानाचे पुंजणे रचलेले असतात, पहाटे वैनगंगेवर धुके दाटते आणि मार्कंडादेवाच्या पायथ्याशी उत्तरवाहिनी झालेली ही नदी सूर्य वर आल्यावाचून डोळ्यांस दिसत नाही. अशा दिवसांत चंद्रपूरच्या ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी चांदण्या लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाच्या मिशनने येथे काम आरंभिले, तेव्हा या नगरास चांदा असे म्हणत आणि आजचा गडचिरोली जिल्हाही त्याच चांदा जिल्ह्याच्या पोटात होता. १९८२ साली जिल्हे दोन झाले. परंतु अरण्य एकच राहिले आणि त्या अरण्यातील माणसांचे सणही एकमेकांच्या अंगणातून वाहत राहिले.

या सणाच्या निमित्ताने आम्ही काही लिहावे, अशी सूचना संपादकांनी केली, तेव्हा आम्ही थोडे थबकलो. आम्ही देवळात उभे राहून कीर्तन करणारे, संस्कृत ग्रंथांच्या पोथ्यांत आयुष्य काढलेले. नाताळच्या पानावर आमचे काय काम? परंतु विचार करता करता एका पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्या पुरुषाचे आमच्याकडे राहून गेलेले एक जुने ऋणही आठवले. ते ऋण फेडावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

ख्रिस्तजन्माची कथा सर्वांस ठाऊक आहे. एकीकडे यरुशलेमात हेरोद राजा आहे. त्याच्यापाशी राजवाडा आहे, सैन्य आहे, रोमन सम्राटाचा वरदहस्त आहे. दुसरीकडे बेथलेहेमात गुरांच्या गव्हाणीत निजलेले एक अर्भक आहे. सत्ताधीश राजा त्या अर्भकास भितो, अर्भक मात्र राजास भीत नाही. ही कथा ऐकताना आम्हां कीर्तनकारांस आपला प्रल्हाद आठवतो, आपला मार्कंडेय आठवतो. सिंहासनावर बसलेला बाप एकीकडे आणि नामस्मरण करणारे पोर दुसरीकडे. पाश घेऊन आलेला यम एकीकडे आणि शिवलिंगास मिठी घातलेला मुलगा दुसरीकडे. सत्य नेहमी लहान रूपाने येते आणि सत्ता नेहमी त्याच्याहून मोठी दिसते, हे सांगण्याची रीत देशोदेशी वेगळी असली तरी सांगणे एकच आहे.

परंतु पुराणातील कथा सांगणे सोपे असते. तसेच वागणारा माणूस आपल्याच भाषेत, आपल्याच मातीत, अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, असे म्हटले की आपण जरा सावरून बसतो. तो पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य ते निराळे. आडनाव एक, काळही पुष्कळसा एकच, परंतु वाटा भिन्न. ज्यांना मराठी रसिकांनी फुलामुलांचे कवी म्हणून मान दिला, ते हे टिळक होत.

कोकणातून नाशिकास

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई भाविक, कोमल मनाची आणि काव्याची आवड असलेली होती. पुढे टिळकांच्या कवितेत जो वात्सल्याचा पाझर दिसतो, त्याचा उगम या माउलीत आहे, असे त्यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्यांस वाटत आले आहे. ही आई बालवयातच अंतरली आणि मुलाचे घरातील मन उडाले. घर सोडून तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. गोदातीरी शास्त्र्यांच्या पायाशी बसून मिळविलेली ही विद्या टिळकांनी जन्मभर टाकली नाही. धर्म बदलला तरी संस्कृत, तुकोबा आणि ज्ञानोबा यांचा हात त्यांनी सोडला नाही, ही गोष्ट वाचकांनी प्रारंभीच ध्यानात ठेवावी.

१८८० साली जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. वधू अकरा-बारा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी भाषेस तिच्या उत्तम आत्मचरित्रांपैकी एक दिले. टिळकांचे आयुष्य आपणास इतके जिवंत दिसते, ते मुख्यतः या माउलीच्या लेखणीमुळे.

टिळकांचे पाऊल कोठेही फार काळ ठरत नसे. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, कोठे छापखान्यात खिळे जुळविणारा, असे नाना उद्योग त्यांनी केले. हातात पैसा आला तर तो घरी पोहोचेलच, याची खात्री नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा होई. अशा मनुष्याचा संसार करणे किती अवघड, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहिले आहे; परंतु त्या हसण्याखाली किती उपवास आहेत, हे जाणत्यास कळते.

नागपूर आणि राजनांदगाव

आता चरित्राची गाडी आपल्या विदर्भात येते. १८९१ साली टिळक नागपुरास आले. संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना मिळाले. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला आणि त्यांच्याच साहाय्याने ‘ऋषि’ नावाचे मासिक टिळकांनी चालविले. त्यात हिंदू धर्मविषयक चर्चा येत असे. तिशीत असलेला विद्वान, वाणी रसाळ, काव्यशक्ती जन्मजात, पाठीशी श्रीमंत यजमान. लौकिकाच्या पायऱ्या चढावयास याहून अधिक काय हवे? त्या काळच्या शास्त्रीमंडळींत टिळकांनी मानाने आयुष्य काढले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता.

परंतु मन स्वस्थ नव्हते. जातिभेदाने पोखरलेला समाज पाहून त्यांस वाटे, की ईश्वर जर सर्वांचा पिता आहे, तर त्याची लेकरे एकमेकांच्या सावलीस का विटाळतात? एखादा नवा धर्म स्थापावा, त्यात मनुष्यमात्राचे बंधुत्व हे मुख्य सूत्र असावे, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते. असे विचार उघड बोलू लागल्यावर भोवतालची मंडळी दुरावू लागणे स्वाभाविकच होते.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावास निघाले. राजनांदगाव हे तेव्हा मध्य प्रांतातील एक संस्थान होते. आज ते छत्तीसगढात, आमच्या गडचिरोलीच्या पूर्वेस येते. तेथील राजे बलरामदास हे वैष्णव बैरागी परंपरेतील महंत-राजे होते. त्यांच्या पदरी आपणास काही काम मिळेल, या आशेने हा प्रवास होता. नागपूरहून निघालेली ती रेल्वे भंडारा-गोंदियाचे धानमुलूख ओलांडून, डोंगरगडच्या डोंगराखालून, अरण्याच्या कडेकडेने राजनांदगावी पोहोचते. त्या रुळांच्या दक्षिणेस आमचे कोरची-कुरखेड्याचे रान आहे. त्या वाटेने आम्हीही अनेकदा कीर्तनासाठी गेलो आहोत आणि प्रत्येक वेळी एक डबा आम्हास मनःचक्षूंपुढे दिसला आहे.

त्या डब्यात टिळकांसमोर एक गोरे गृहस्थ बसले होते. ते अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी होते, असे पुढील अभ्यासकांनी म्हटले आहे. गोरा साहेब म्हणजे उर्मट, अशी त्या काळची समजूत. या गृहस्थाने मात्र आदराने बोलणे सुरू केले. काव्याचा विषय निघाला, मग धर्माचा निघाला. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांस नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांस ते भाकीत हास्यास्पद वाटले. परंतु वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून ते वाचू लागले. प्रथम गोडी वाटेना. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आले, तेव्हा पुस्तक हातातून खाली ठेववेना.

त्या प्रवचनात असे काय आहे? वैऱ्यावरही प्रेम करावे, असे तेथे सांगितले आहे. दान असे द्यावे, की एका हाताचे दुसऱ्या हातासही कळू नये. प्रार्थना चव्हाट्यावर लोकांस दिसावी म्हणून करू नये, दार लावून एकांतात करावी, असे सांगितले आहे. आम्ही जेव्हा हा भाग प्रथम वाचला, तेव्हा आमचे मन गीतेच्या तेराव्या अध्यायाकडे गेले. ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी मानाची हाव नसणे हे लक्षण सर्वांत आधी ठेविले आणि त्याच्या मागोमाग दंभ नसणे हे सांगितले. शास्त्र पाठ असणे, वाणी शुद्ध असणे, ही लक्षणे त्या यादीत नाहीत. हे वाचून आम्हां वक्त्यांनी लाजावे, अशीच ती यादी आहे.

राजनांदगावी टिळकांना आश्रय मिळाला. राजा होता, दरबार होता, विद्वानाची कदर होती. परंतु जो प्रश्न मनास लागला होता, त्याचे उत्तर दरबार देऊ शकत नव्हता. राजाचे अन्न खाऊन वरवर एक बोलावे आणि उशाशी दुसरे पुस्तक ठेवावे, अशी दुहेरी राहणी अनेकांनी केली आहे; पोटासाठी ती क्षम्यही मानली जाते. टिळकांच्या स्वभावास ती मानवेना.

मुंबईची १० फेब्रुवारी

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यावा, हा त्यांचाच आग्रह होता. राजनांदगावच्या गाडीतील ते भाकीत जवळजवळ अक्षरशः खरे ठरले.

पुढे काय घडले, ते सांगताना आम्ही कोणास नावे ठेवणार नाही. तो काळच तसा होता. सगेसोयरे तुटले, मित्रांनी पाठ फिरविली, काल ज्यांनी शास्त्रीबुवा म्हणून मान दिला त्यांनीच भ्रष्ट म्हणून हाक मारली. या सर्वांत भयंकर आघात झाला तो लक्ष्मीबाईंवर. कडेवर लहानगा दत्तू, नवरा जिवंत आणि तरीही घर उजाड. पाच वर्षांच्या आसपास हा वियोग चालला. त्या काळात त्या नाशिक, जलालपूर आणि पंढरपूर येथे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. आपल्या विठ्ठलाच्या पंढरीत बसून त्या आपल्या ख्रिस्ती झालेल्या पतीसाठी अश्रू ढाळीत होत्या, या चित्रापुढे आम्ही मान खाली घालतो. टिळकांच्या सत्याची किंमत टिळकांनी दिली, तशी ती न विचारता या स्त्रीकडूनही वसूल झाली. चरित्र सांगताना हे झाकून ठेवले, तर ते कीर्तन नव्हे, भाटगिरी होय.

मात्र येथेच टिळकांच्या सत्यनिष्ठेची खरी कसोटी लागली आणि ते तीस उतरले. लक्ष्मीबाई पुन्हा अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. त्या काळी पतीचा शब्द हीच घरातील सत्ता होती. टिळकांनी ती सत्ता वापरली नाही. पत्नीने आपला धर्म स्वीकारावा, असे कितीही वाटले तरी हुकूम केला नाही, थट्टा केली नाही, घाई केली नाही. लक्ष्मीबाईंचा विचार त्यांच्याच अंतःकरणात हळूहळू पालटत गेला. मनुष्य मनुष्यात भेद करणे ही देवाची नव्हे, आपलीच करणी आहे, हे त्यांस एके दिवशी स्वतःस उमगले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सत्य दुसऱ्याच्या डोक्यावर लादता येत नाही. लादले की तीही सत्ताच होते. हे टिळकांनी बोलून नव्हे, वागून दाखविले.

मराठी मनाचा ख्रिस्ती

अहमदनगरास टिळकांनी पाळकांच्या शिक्षणवर्गात अध्यापन केले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. घरात आपल्या मुलांबरोबर अनाथ मुलेही वाढत. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक हळवा तरुण कवी या घरी येऊन राहिला. त्यास १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी हे नाव मिळाले. ख्रिस्ती घराने एका हिंदू मुलास माया दिली, त्याची जात विचारली नाही आणि त्याने आपला धर्म सोडावा, अशी अटही घातली नाही.

टिळकांची कविता या काळात बहरली. एका पाखराची शिकाऱ्याने केलेली हत्या पाहून लिहिलेले ‘केवढे हे क्रौर्य’ हे काव्य शाळेच्या पुस्तकांतून कित्येक पिढ्यांनी पाठ केले. ‘वनवासी फूल’ हे त्यांचे दीर्घ काव्य तर आम्हां अरण्यवासीयांस नावानेच जवळचे वाटते. रानात कोणी न पाहिलेले फूल का फुलते, हा प्रश्न आमच्या वाटेवर दर वसंतात पडतो. पाहणारा नसला तरी फुलणे थांबत नाही. लोकप्रियतेविषयी याहून अधिक ते काय सांगावे?

ख्रिस्ती समाजात तोवर पुष्कळशी गीते परक्या चालींवर, भाषांतरित शब्दांत म्हटली जात. टिळकांनी त्यांना अभंग दिला, ओवी दिली, भजन दिले. टाळ-मृदंगावर येशूचे नाव घेता येते, हे त्यांनी दाखविले. ‘अभंगांजली’त त्यांची भक्ती वारकऱ्याच्याच आर्जवाने बोलते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत आणि आजही रविवारी ती गाइली जातात. तुकोबांची वाणी हा आपल्यास ख्रिस्तापर्यंत नेणारा सेतू झाला, अशी त्यांची भावना होती. जो सेतू ओलांडला तो मागे वळून जाळावा, अशी रीत जगात आहे. टिळकांनी त्या सेतूस आयुष्यभर नमस्कार केला.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे, म्हणून ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले; दहा-अकरा अध्यायांपुढे ते जाऊ शकले नाही. पतीच्या पश्चात ते काव्य पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. त्यांनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्या स्त्रीस कधी पतीच्या धर्मापायी वनवास घडला, तिनेच त्याचा अपुरा ग्रंथ हाती घ्यावा, याहून मोठे समाधान कोणत्या कवीस लाभले असेल?

दुसरा त्याग

टिळकांच्या चरित्रातील १८९५ सालचा त्याग सर्वांस ठाऊक असतो. दुसरा त्याग फारसा कोणी सांगत नाही; आणि आमच्या मते तो पहिल्याहून कठीण होता.

आता ते लोकमान्य कवी होते, मिशनमध्ये आदरणीय होते, संपादक होते, पगार होता, राहावयास घर होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी जे जे गमावले, ते ते दुसऱ्या रूपाने परत मिळाले होते. समाज बदलला होता, इतकेच. मनुष्य एकदा मोठा त्याग करतो, मग उरलेले आयुष्य त्या त्यागाच्या पुण्याईवर निवांत काढतो. हे आम्ही साधुसंन्याशांतही पाहिले आहे. घर सोडलेला संन्यासी पुढे मठ सोडावयास तयार होत नाही.

१९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली. परदेशी पैशावर चाललेल्या संस्थेच्या चौकटीत राहून हिंदी मनास ख्रिस्त दाखविता येणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. सेवकाची भाकरी ज्याच्या हाती, त्याच्याच तोंडाकडे सेवक पाहतो; मग देवाकडे कधी पाहणार? ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी एका नव्या मंडळाची स्थापना केली. त्यास नाव दिले देवाचा दरबार. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त एका पंक्तीस बसणार होते. जात नव्हती, गोरा-काळा भेद नव्हता आणि कोणाच्या पगाराचा मिंधेपणा नव्हता.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. चोवीस वर्षांपूर्वी हाच पुरुष एका राजाच्या दरबारी काम मागावयास निघाला होता. आज तो स्वतःच्या हाताने पगार टाकून देवाच्या दरबाराची द्वाही फिरवीत होता. राजनांदगाव ते सातारा, एवढाच काय तो त्याच्या आयुष्याचा प्रवास.

ही वाट दोन्ही बाजूंस अप्रिय होणारी होती. ज्यांना त्यांनी सोडले होते, ते हिंदू त्यांस आपले म्हणावयास तयार नव्हते. ज्यांच्यात ते गेले होते, त्यांतील अनेकांस बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व ही कल्पना मानवणारी नव्हती. ज्याच्या बोलण्याने केवळ विरोधकच रागावतात, त्याचे सत्य अजून स्वस्त आहे असे समजावे. आपली माणसे रागावतील हे दिसत असूनही जो बोलतो, त्याचे नाणे खरे.

यशाच्या मापाने पाहिले तर हा दरबार फार दिवस चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेविला. मंडळास पुढे मूळ धरता आले नाही. परंतु ज्याच्या जन्माचा हा सण आहे, त्याचीही अखेर लौकिक अर्थाने पराभवाचीच होती. ज्या लोकांनी पाने हलवून त्याचा जयघोष केला, त्याच नगरीत थोड्याच दिवसांनी त्यास क्रुसावर द्या, अशी आरोळी उठली. आणि न्यायासनावरील पिलाताने सत्य म्हणजे काय, असा प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता पाठ फिरविली. गर्दीच्या मतावर सत्य तोलले, तर तो तराजू आठवड्यात दोनदा उलटतो.

आमचे ऋण

आता ते जुने ऋण. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, आमच्या उमेदीच्या काळात, एका गावी उत्सवात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात आम्ही टिळकांचे एक पद घेतले होते. ते आमच्या गुरुजींनी आम्हास शिकविले होते, कोणाचे हेही सांगितले होते. पद रंगले. श्रोत्यांच्या माना डोलल्या. कीर्तन संपल्यावर एका वृद्ध गृहस्थाने जवळ येऊन विचारले, की हे पद कोणत्या संताचे? यजमान बाजूलाच उभे होते. रेव्हरंड हा शब्द उच्चारला तर पुढील वर्षीचे बोलावणे जाईल, या भयाने आम्ही एखाद्या जुन्या संताचे असावे, असे म्हणून वेळ मारून नेली. बिदागी घेतली, नारळ-उपरणे घेतले आणि निघालो. त्या रात्री उत्तररंगास आम्ही आख्यान लाविले होते हरिश्चंद्राचे! ज्याने सत्यासाठी राज्य सोडले, त्याची कथा सांगून आम्ही एका बोलावण्यासाठी सत्य सोडले होते.

हे शल्य काही वर्षे सलत राहिले. पुढे त्याच गावी पुन्हा उभे राहण्याचा योग आला, तेव्हा आम्ही तेच पद घेतले आणि गाण्यापूर्वी कवीचे नाव, गाव आणि धर्म स्पष्ट सांगितला. मागे विचारणारे ते वृद्ध तोवर निवर्तले होते. काही श्रोते उठून गेले, बरेचसे बसून राहिले. पुढील वर्षीचे बोलावणे आले नाही. त्याचे दुःख झाले नाही, असे म्हणणे खोटे होईल. परंतु त्या रात्री झोप शांत लागली.

टिळकांच्या मार्गाने आम्ही गेलो नाही; आमची निष्ठा मार्कंडेश्वराच्या पायी आहे आणि तेथेच देह ठेवावा, अशी इच्छा आहे. त्यांनी धर्म बदलला ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. मनुष्य कोणत्या देवळात जातो, याहून तो तेथे कशासाठी जातो, हे अधिक महत्त्वाचे. राजाश्रय, पगार, टाळ्या आणि बोलावणी यांपैकी काहीही जिभेवर ठेवून घेतले, की सत्याचा उच्चार बोबडा होतो. टिळकांनी आपली जीभ दोनदा मोकळी केली. आम्हास ती एकदा मोकळी करावयास कित्येक वर्षे लागली.

आज आमच्या मुलखातील ख्रिस्ती मंडळ्या मराठीत गाऊ लागतील, तेव्हा त्यांत टिळकांचे एखादे पद असेलच. शेजारच्या घरातील हिंदू बांधवांनी ते कान देऊन ऐकावे; चाल ओळखीची वाटेल, कारण ती आपल्याच घरून गेलेली आहे. आणि कोणी विचारलेच, की हे कोणाचे, तर न भिता नाव सांगावे: नारायण वामन टिळक, करजगावचे, नाशिकचे, नागपूरचे, नगरचे, सातारचे, आणि अखेरीस एकाच दरबाराचे.

सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस नाताळच्या शुभेच्छा, आणि आम्हां सर्वांस खरे बोलण्याचे बळ मिळो, ही त्या जगन्नियंत्यापाशी प्रार्थना.